हायलक्सला नवे अप्पर कंट्रोल आर्म: निवड, बसवणं, अलाइनमेंट आणि देखभाल

पिकअपचा पुढचा भाग दोन इंचांनी उचलला की गाडी रुबाबदार दिसते, पण हायवेवर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग हलकं, भरकटल्यासारखं वाटायला लागतं. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ येत नाहीत. शेजारून कंटेनर गेला तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं लागतं. नवे शॉकअप कडक आहेत म्हणून असं होतंय, अशी अनेकांची समजूत असते. कारण खरं तर मडगार्डच्या आत, अप्पर कंट्रोल आर्मपाशी असतं. गॅरेजमध्ये त्याला ‘वरचा आर्म’ म्हणतात. गाडी उचलायचं काम स्प्रिंग आणि शॉकअपचं. त्यातून बिघडलेली चाकांची भूमिती जागेवर आणणं एवढंच या आर्मचं काम. हे पक्कं ध्यानात असलं की कोणता आर्म घ्यायचा, बोल्ट कधी आवळायचा आणि अलाइनमेंटवाल्याकडून काय मागायचं, हे सगळं त्यातूनच ठरत जातं.

इथे उदाहरण टोयोटा हायलक्सचं घेतलं आहे. भारतात ती २०२२ पासून मिळते. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. फॉर्च्युनर याच घराण्यातली असल्याने पुढच्या भागाचं बहुतेक वर्णन तिलाही लागू पडतं. इसुझू व्ही-क्रॉसला तत्त्व तेच, पण आर्म आणि मापं वेगळी. पुढे टॉर्शन बार (कॉइलऐवजी पिळला जाणारा लोखंडी दांडा) असलेल्या जुन्या पिकअपवर मात्र ही पद्धत जशीच्या तशी वापरू नका. तिथे आधी बारचा ताण सोडवावा लागतो आणि ते निराळं काम आहे.

उचलल्यावर बिघडतं काय

वरचा आर्म इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखा असतो. त्याचे दोन पाय बुशमधून (रबरी किंवा तशाच लवचिक गादीतून) चेसिसला जोडलेले, आणि टोकाचा बॉल जॉइंट चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या लोखंडी भागाला. खालचा आर्म लांब असतो आणि गाडीचं वजन तोच पेलतो. वरचा आर्म नकलचं डोकं योग्य कोनात धरून ठेवतो.

नकलच्या वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून एक काल्पनिक रेघ काढली, तर ती वरच्या बाजूला किंचित मागे, केबिनकडे झुकलेली असते. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते, तसंच हे. गाडी उचलली की ही रेघ उभी होते, कॅस्टर घटतो आणि चाकं स्वतःहून सरळ होईनाशी होतात.

दुसरी अडचण बॉल जॉइंटच्या कोनाची. उचललेल्या गाडीत वरचा आर्म मुळातच खाली झुकलेला असतो. चाक खड्ड्यात लोंबलं की मूळ बॉल जॉइंट आपल्या फिरण्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन अडतो आणि बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटायला सुरुवात होते. गाडी उचलायच्या काही किटमध्ये तर मूळ आर्म स्प्रिंगलाच घासतो. आर्मच्या आतल्या कडेला चकाकणारी घासलेली रेघ दिसली तर हेच होतंय असं समजा.

चांगला आफ्टरमार्केट (गाडीच्या कंपनीबाहेरचा) आर्म या सगळ्यावर एकदम उपाय करतो. त्याचा बॉल जॉइंट थोडा मागे सरकवलेला असतो, त्यामुळे कॅस्टर परत मिळतो. जॉइंटला जास्त कोनात फिरायची मुभा असते, आणि स्प्रिंगपाशी आर्मला जास्त वळण दिलेलं असतं.

मग ज्याची गाडी कंपनीच्याच उंचीवर आहे त्याने हा खर्च करावा का? माझ्या मते नाही. अलाइनमेंट मशीनवर कॅस्टर कंपनीच्या मर्यादेत बसत असेल, तर त्या पैशातून चांगले टायर घ्या. साधारण ५० मिलिमीटर उचललेल्या गाडीला आर्म उपयोगी ठरतो, त्याहून जास्त उंचीला तो आवश्यकच धरावा.

कायद्याचं इथेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी दाखल्यातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा फेरफार करता येत नाही. लिफ्ट किट बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करा, आणि सस्पेन्शनच्या वॉरंटीचं काय होईल तेही डीलरकडून लिहून घ्या. अपघातानंतर हे प्रश्न निघाले तर उत्तर मालकालाच द्यावं लागतं.

कोणता आर्म घ्यावा

जाहिरातीत नळीची जाडी आणि रंग दाखवतात. तुम्ही सांधे बघा, कारण झिजतात ते सांधेच.

टोकाला दोन प्रकार येतात. एक नेहमीचा, रबरी बूट असलेला बॉल जॉइंट. दुसरा युनिबॉल, म्हणजे उघडा गोलाकार बेअरिंग. युनिबॉल जास्त कोनात फिरतो, वाळवंटातल्या वेगवान शर्यतींच्या गाड्यांमध्ये तो शोभतो. पण त्याला बूट नसतो. कोकणातला तांबडा चिखल, पावसाळ्याचे चार महिने आणि किनाऱ्याची खारी हवा यांत तो लवकर खडखडायला लागतो. रोज गाडी चालवणाऱ्या, शेतावर आणि घाटात नेणाऱ्या माणसाने बूट असलेला, ग्रीस भरायची निपल असलेला बॉल जॉइंटच घ्यावा. जॉइंट आर्ममधून सुटा निघतो का आणि एकटा विकत मिळतो का, हेही आधी विचारा. नाहीतर जॉइंट झिजला की अख्खा आर्म टाकावा लागतो.

चेसिसकडच्या बुशमध्ये रबर की पॉलियुरेथेन, हा दुसरा प्रश्न. रबर शांत असतं, त्याला ग्रीस लागत नाही, पण ते पिळलं जाऊन फाटू शकतं. पॉलियुरेथेन टिकाऊ आहे, मात्र वेळच्या वेळी ग्रीस दिलं नाही तर स्पीडब्रेकरवर करकर वाजतं. देखभाल हातून होणार नसेल तर सरळ रबर घ्या. त्यात काही कमीपणा नाही.

ऑस्ट्रेलियात हायलक्स पुष्कळ चालते, त्यामुळे ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन यांच्यासारख्या तिथल्या कंपन्या हायलक्ससाठी आर्म बनवतात आणि भारतातही ते मागवता येतात. कोणाचाही घ्या, पण खोक्यात आवळण्याचे आकडे दिलेला कागद नसेल तर ते खोकं परत करा. ते आकडे प्रत्येक आर्मला वेगळे असतात आणि दुसऱ्या गाडीचे आकडे इथे चालत नाहीत, म्हणून या लेखात ते दिलेले नाहीत.

कामाच्या आदल्या दिवशी

आधी अलाइनमेंट मशीनवर जाऊन सध्याच्या कोनांचा छापील कागद घ्या. नंतर तुलना करायला तो लागतोच.

घरी सपाट जागेवर गाडी उभी करून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. लिफ्ट आणि आर्म एकाच वेळी बसणार असतील, तर लिफ्ट बसवून गाडी जमिनीवर टेकल्यावर हे माप घ्या. या आकड्यावर पुढचं एक महत्त्वाचं काम अवलंबून आहे.

मग वरच्या आर्मचा लांब बोल्ट, बॉल जॉइंटचा नट आणि खालच्या आर्मचे कॅम बोल्ट या सगळ्यांना तारेचा ब्रश मारून गंज सोडवणारं तेल फवारा. कॅम बोल्टना विसरू नका. अलाइनमेंटच्या वेळी तेच फिरवायचे असतात, आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांत ते स्लीव्हला (बुशच्या आतल्या नळीला) असे गंजून बसतात की अलाइनमेंटवाला हात टेकतो.

हत्यारांत ट्रॉली जॅक, दोन भक्कम स्टँड, चाकांना लावायची अडणी, सॉकेट आणि रिंग पाने, लांब टॉमी, दोन पौंडी हातोडा, बॉल जॉइंट काढायचा पुलर, पक्का पट्टा, रंगाचा मार्कर आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना) लागतात. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आणा. अंदाजाने आवळणं या कामात चालत नाही.

जुना आर्म काढणं

मागच्या चाकांना अडणी, हँडब्रेक, आणि चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल. मग पुढचा भाग उचलून चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. चाक काढून चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जशीच्या तशी राहिली की वायर कुठून जात होती, वॉशर कुठल्या बाजूला होता, हे बघायला नमुना हाताशी असतो. सुरू करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा.

खालच्या आर्मखाली दुसरा जॅक लावून त्याला फक्त आधार द्या. नकल पट्ट्याने स्प्रिंगला किंवा चेसिसला बांधा. ही पायरी गाळू नका: वरचा जॉइंट सुटला की नकल बाहेर कलंडतो आणि त्याचं सगळं वजन ब्रेकच्या होजवर, एबीएसच्या वायरवर आणि फोर बाय फोरच्या ड्राइव्ह शाफ्टवर येतं. होज आतून फाटली तर बाहेरून दिसतही नाही.

आर्मला धरून ठेवलेल्या वायरच्या क्लिपा सोडवा. बॉल जॉइंटच्या नटातली स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे पकडलेले राहू द्या. जॉइंटचा दांडा नकलमध्ये निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. पुलर लावून ताण द्या आणि नकलच्या ज्या जाड गोल भागात दांडा शिरतो, त्याच्या कडेवर हातोड्याचे सरळ, ठणठणीत घाव घाला. दांड्याच्या टोकावर मारायचं नाही, आटे चेपतात. दांडा सुटतो तेव्हा मोठ्याने ‘टाक’ असा आवाज येऊन आर्म उडी मारतो. नट राहू दिला होता तो याच क्षणासाठी. दुपांगी पाचर ठोकूनही जॉइंट निघतो, पण त्यात बूट हमखास फाटतो, आणि जुना जॉइंट पुढे कामाला येऊ शकतो.

आता चेसिसकडचा लांब बोल्ट. नट आणि वॉशर काढून बोल्ट सरळ बाहेर ओढायचा असतो. काही गाड्यांत इथे आतल्या मडगार्डचा पत्रा, ब्रेकची नळी किंवा वायरिंगचा ब्रॅकेट आड येतो. ब्रॅकेटचा बोल्ट काढून तो बाजूला घ्या. ब्रेकची धातूची नळी मात्र वाकवू नका. शॉकअपही बदलणार असाल तर तो आधीच काढा, हात घालायला भरपूर जागा मिळते. बोल्टवरच्या वॉशरांचा क्रम लागलीच टेपने बांधून ठेवा.

नवा आर्म बसवणं

आधी डावा-उजवा ओळखा. खुणेवर विसंबू नका. आर्म जागेवर धरून बघा. बॉल जॉइंट दोन बुशच्या मध्यापासून मागे, केबिनच्या बाजूला सरकलेला दिसला पाहिजे. आर्म उलटसुलट बसले तर कॅस्टर वाढायच्या ऐवजी आणखी घटतो.

पॉलियुरेथेनचे बुश असतील तर आतल्या स्लीव्हला आणि बुशच्या दोन्ही तोंडांना खोक्यात आलेलं ग्रीसच लावा. रबरी बुशला साधं ग्रीस अजिबात नको, रबर फुगून मऊ पडतं. चेसिसच्या ब्रॅकेटमधली माती आणि गंज साफ करून आर्म सरकवा आणि बोल्ट हातानेच आत ढकला. ठोकावं लागत असेल तर भोकं एका रेषेत नाहीत. आर्म हलवून जुळवा. नट हाताने लावा, बुशला वॉशर टेकेल इतपत, आणि सध्या तिथेच थांबा.

नकलचं निमुळतं भोक कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा. तिथे ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. दांड्याची पकड कोरड्या धातूवर धातू बसूनच येते. दांडा घालून नट कंपनीच्या आकड्याला आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे सैल करून कधीच नाही. नायलॉनचा लॉकनट आला असेल तर नवाच वापरा. असा नट एकदा काढला की पुन्हा लावायचा नसतो.

आता वायर. एबीएसची वायर नव्या आर्मवरच्या जागी बांधा, मग जॅक खाली घेऊन खालचा आर्म पूर्ण लोंबू द्या आणि स्टिअरिंग डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. दोन्ही टोकांना वायर आणि ब्रेकची होज सैल राहिली पाहिजे. याच अवस्थेत आर्म आणि स्प्रिंग यांच्यामध्ये बोट जातं का तेही बघा. चाक चढवल्यावर हाताने फिरवून टायर आणि रिम आर्मला घासत नाहीत याची खात्री करा. भारतातल्या हायलक्सचा टायर २६५/६५ आर१७ किंवा २६५/६० आर१८ असतो. त्याहून रुंद टायर किंवा आत शिरलेली रिम असेल तर हे अंतर फारच कमी उरतं.

बोल्ट आवळायचा तो गाडी पायावर असताना

या कामात सगळ्यात जास्त नुकसान घाईने आवळलेला बोल्ट करतो. रबरी बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला घट्ट धरली जाते, आणि त्यापुढची आर्मची प्रत्येक हालचाल रबराच्या पिळण्यातूनच होते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकताच रबर एका बाजूला पिळलं जातं आणि गाडी उभी असतानासुद्धा तसंच राहतं. मग खड्ड्यात आणखी पीळ. असे बुश काही महिन्यांत चिरतात, आणि दोष आर्मच्या कंपनीला दिला जातो.

म्हणून चाक लावा, स्टँड काढा, गाडी जमिनीवर घ्या, पुढचं बंपर चार-पाच वेळा दाबून सोडा आणि थोडी पुढे-मागे हलवा. लिहून ठेवलेलं माप पुन्हा घ्या. ते जुळलं की स्टिअरिंग वळवून चाकामागून टॉर्क रेंच घाला आणि लांब बोल्ट पूर्ण आवळा. हात पोचत नसेल तर गाडी पिटवर किंवा चार खांबी लिफ्टवर न्या, जिथे वजन चाकांवरच राहतं. दोन खांबी लिफ्ट इथे उपयोगाची नाही, तिच्यावर चाकं लोंबतात. पॉलियुरेथेनचे बुश स्लीव्हवर फिरतात, त्यांना इतका धोका नाही, तरी सवय हीच ठेवा.

आवळून झालं की नटापासून ब्रॅकेटपर्यंत रंगाच्या मार्करने एक सरळ रेघ ओढा. बॉल जॉइंटच्या नटावरही ओढा. पुढे नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, पाना लावायचीही गरज पडत नाही.

अलाइनमेंट

नवा आर्म बसवून अलाइनमेंटशिवाय लांब चालवू नका. सावकाश जवळच्या सेंटरवर न्या. तिथे तोंडाने सांगावं लागतं: ‘नुसता टो नको, कॅस्टर आणि कॅम्बर करायचा आहे.’ टो म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं, कॅम्बर म्हणजे समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कललेलं असणं. हे सांगावं लागतं, कारण अनेक ठिकाणी फक्त टाय रॉड (चाकं वळवणारा दांडा) फिरवून टो जुळवतात आणि कागद हातात देतात.

कॅस्टर मोजायला पुढची चाकं फिरत्या थाळ्यांवर ठेवून ठरलेल्या कोनात आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवावी लागतात. मशीनवाल्याने चाकं अशी वळवलीच नाहीत, तर कागदावरचा कॅस्टर ताजा मोजलेला नाही. उभं राहून बघा. हायलक्समध्ये कॅस्टर आणि कॅम्बर दोन्ही खालच्या आर्मच्या पुढच्या-मागच्या कॅम बोल्टने बसवतात. एक हलवला की दुसऱ्याचा आकडाही सरकतो, म्हणून याला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे जास्त मागितले तर आनंदाने द्या. कॅम बोल्टचे नटही वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळले जातात.

मागायचं ते असं: कॅम्बर शून्याच्या आसपास, टो किंचित आत, आणि कॅस्टर तीन ते चार अंशांच्या दरम्यान, आर्मच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. डाव्या-उजव्या कॅस्टरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत. ज्या बाजूचा कॅस्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून डाव्या कडेला उतरते असतात, तेव्हा डाव्या चाकाला उजव्यापेक्षा किंचित जास्त कॅस्टर ठेवला तर गाडी सरळ चालते. काम झाल्यावर हेडलाइटचा झोतही तपासून खाली घ्या.

देखभाल

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर मार्करच्या रेघा बघा आणि टॉर्क रेंच पुन्हा एकदा फिरवा. हजार किलोमीटरला परत. नवे स्प्रिंग बसवले असतील तर ते सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून दोन-तीन हजार किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासा.

त्यानंतर दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस, आणि पाण्यातून किंवा खोल चिखलातून गाडी गेली असेल तर घरी आल्या आल्या. निपल आधी फडक्याने पुसा, नाहीतर तोंडावरची माती ग्रीसबरोबर आत जाते. बॉल जॉइंटला चांगल्या प्रतीचं लिथियम ग्रीस हातगनने द्या, बूट जरासा फुगेपर्यंत, दोन-तीन दाब पुरतात. हवेच्या दाबावर चालणारी गन वापरली तर बूट फुटतो. बाहेर आलेलं ग्रीस बोटावर घेऊन बघा. काळपट असेल तर हरकत नाही. दुधट, फेसाळ असेल तर आत पाणी शिरलंय. स्वच्छ ग्रीस येईपर्यंत देत राहा आणि बूटची घडी उघडून चीर शोधा. वॉशिंग सेंटरवर बूटवर जवळून प्रेशरचा फवारा मारू देऊ नका, पाणी आत जायची ती सोपी वाट आहे.

सांध्यातला प्ले (ढिलेपणा) तपासताना जॅक खालच्या आर्मखाली लावून चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकं उचला. टायर वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा आणि दुसऱ्याला आत बघायला सांगा. खटका जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटका गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा. खालचा बॉल जॉइंटही याच वेळी नीट बघा. गाडीचं वजन त्याच्यावर असतं, आणि नव्या वरच्या आर्मच्या कौतुकात तो जुनाच राहून गेलेला असतो.

आर्मवरचा रंग जिथे दगड लागून उडाला असेल तिथे पावसाळ्याआधी घासून रंग द्या. वेल्डच्या शेजारी केसासारखी बारीक तांबडी रेघ दिसली तर तिच्यावर रंग लावू नका. ती चीर असू शकते. आर्म काढून तपासून घ्या आणि तोवर गाडी चालवू नका. चिरलेल्या आर्मला स्थानिक वेल्डरकडून टाका मारून घेणं हा पर्याय नाही, आर्म बदलायचाच.

काढलेले मूळ आर्म भंगारात देऊ नका. बोल्ट, नट आणि वॉशर एका पिशवीत त्यांनाच बांधा, बूटवर थोडं ग्रीस फासा आणि कोरड्या जागी ठेवा. लडाख-स्पितीला निघताना ते मागच्या हौद्यात टाका. आफ्टरमार्केट जॉइंट तिकडे सहज मिळणार नाही, पण मूळ आर्म लावून, सावकाश चालवत, मोठ्या गावापर्यंत पोचता येतं.